खालच्या आवाजाच्या मागावर: पेरोतँपासून ब्राम्सपर्यंत

माझा कान ख्यालावर घडलेला. खाली तानपुऱ्याचा षड्ज अखंड चालू, आणि सगळं लक्ष वरच्या एका गळ्यावर. त्या सवयीनं सिम्फनी ऐकायला बसलं की वरची सुरावट तेवढी हाती लागते, बाकीचं सगळं नुसता भरणा वाटतं. म्हणून या वर्षी पाश्चात्त्य संगीत कालक्रमानं ऐकताना एकच प्रश्न धरून चाललेय: सगळ्यात खालचा आवाज काय करतोय?

पहिला मुक्काम पॅरिस. नोत्र दाम चर्चच्या पेरोतँ या संगीतकाराचं 'विदेरुन्त ओम्नेस', साधारण 1198 चं. चार आवाजांपैकी खालचा आवाज जुन्या चर्चगायनातला एकेक स्वर भलताच लांबवून धरतो आणि वरचे तीन त्यावर खेळत राहतात. आपल्या कानाला इथं परकं वाटत नाही. फक्त हा धरलेला स्वर मधेच बदलतो, आणि तो बदलला की वरच्या तिघांचा रंगही पालटतो. नव्यानं ऐकणाऱ्यांना सगळे मोझार्टपासून सुरुवात करायला सांगतात. ख्याल ऐकणाऱ्याला मी पेरोतँच सुचवेन.

पालेस्त्रिनापाशी फार रेंगाळले नाही. तिथं खालचा आवाजही बाकीच्यांच्या बरोबरीनं गातो, आणि चार-पाच समान धागे एकाच वेळी धरणं मला अजून जमत नाही. पुन्हा जाईन.

मग पर्सेल. 'डायडो अँड इनिअस' या 1689 च्या सुमाराच्या ऑपेरातलं डायडोचं शेवटचं गाणं. इथं मात्र मुक्कामच ठोकला. हार्मोनियमवर त्याचा बेस, म्हणजे सगळ्यात खालचा आवाज, काढून बघा: सा, शुद्ध नी, कोमल नी, शुद्ध ध, कोमल ध, पंचम, असं पायरी पायरीनं उतरायचं. मग खालचा कोमल गंधार, मध्यम, पंचम, आणि तिथून मंद्र षड्ज. तीन-तीन मात्रांचे पाच बार (गट), म्हणजे पंधरा मात्रांचं आवर्तन. अकरा वेळा तेच, बेसमध्ये काडीचाही फरक नाही. आपण समेची वाट बघतो. पर्सेल ती गाणारीला देतच नाही. आवर्तन संपतं तेव्हा तिची ओळ अर्ध्यात असते, ओळ संपते तेव्हा नवं आवर्तन सुरू होऊन गेलेलं असतं. मरणाला सामोरी जाणारी बाई आणि तिच्यासाठी न थांबणारा बेस! शेवटी ती गप्प होते, तरी वाद्यं ती उतरण पुन्हा म्हणतात. हे कळल्यावर ते गाणं वरच्या सुरावटीसाठी ऐकणं मला शक्यच राहिलं नाही.

एक व्यवहाराची गोष्ट. मोबाइलच्या स्पीकरवर हा बेस जवळजवळ ऐकूच येत नाही. साधे तारवाले हेडफोन चालतात. स्वरलिपी आयएमएसएलपी या संकेतस्थळावर फुकट मिळते. वाचता येत नसली तरी सगळ्यात खालच्या ओळीवर बोट ठेवून ऐका, खूप फरक पडतो.

तोच हात घेऊन बाखच्या गोल्डबर्ग व्हेरिएशन्सकडे (एकाच रचनेची बदलत जाणारी रूपं) गेले, 1741 मध्ये छापलेली. सुरुवातीच्या आरियाच्या, म्हणजे मूळ रचनेच्या, बेसचे पहिले आठ स्वर वाजवले: सा, नी, ध, प, ग, म, प, सा. सगळे शुद्ध. पर्सेलच्या उतरणीतले कोमल स्वर काढा, गंधार शुद्ध करा, की हेच उरतं! बाखची पुढची तीस व्हेरिएशन्स आरियाच्या सुरावटीवर नाहीतच, ती या बेसवर उभी आहेत. वरची चाल शोधत बसणाऱ्याला म्हणूनच तिसऱ्या-चौथ्या व्हेरिएशनपर्यंत आपण हरवलो असं वाटतं. खाली धरा, वाट सापडते. याच आठ स्वरांवर बाखनं आणखी चौदा कॅनन (एक आवाज दुसऱ्याची नक्कल करत मागून येतो अशा रचना) स्वतःच्या छापील प्रतीत मागे लिहून ठेवले होते. ती प्रत 1974 मध्ये उजेडात आली. त्या आठ स्वरांतून त्याचं मन भरलं नव्हतं तर.

हायडन-मोझार्टच्या काळात बेस बराचसा साथीला जातो. ऐकायला गोड, पण माझ्या शोधाला तिथं थोडंच मिळालं.

बेथोवनच्या तिसऱ्या सिम्फनीचा, 'एरोइका'चा (1803-04) शेवटचा भाग मात्र उठून बसवतो. सुरुवातीचा झंझावात ओसरला की तंतुवाद्यं नुसता बेसच छेडतात: सा, प, खालचा प, सा. चाल नाहीच. दोन फेऱ्या त्या सांगाड्यावरच होतात, आणि मग ओबोवर खरी सुरावट येते. आधी पाया दाखवून मग त्यावर घर बांधलंय.

सध्या ब्राम्सवर आहे, चौथी सिम्फनी, 1885. शेवटच्या भागाचे मूळ आठ स्वर बाखच्या 150 व्या कँटाटातल्या (गायन आणि वाद्यं असलेल्या रचनेतल्या) बेसवरून घेतलेत, एक स्वर वाढवून: सा, रे, कोमल ग, म, तीव्र म, प, प, सा. इथं ते आधी वर ऐकू येतात आणि मग खाली उतरतात. त्या मूळ आवर्तनावर आठ-आठ बारांची तीस व्हेरिएशन्स आणि वर कोडा, म्हणजे समारोप. मधली काही अजून हातातून निसटतात, विशेषतः बासरीच्या एकलाभोवतीची, कारण तिथं लय ताणली जाते. त्यानंतर ट्रॉम्बोन हलकेच येतात ती जागा मात्र आता अचूक सापडते. पहिले तिन्ही भाग ते गप्प असतात, म्हणून तो आवाज इतका लागतो.

पुढचा मुक्काम शोस्ताकोविचचा पहिला व्हायोलिन कॉन्चेर्तो (व्हायोलिन आणि वाद्यवृंदाची रचना), त्यातला पासाकाल्या, म्हणजे एकच बेस पुन्हा पुन्हा फिरवणारा भाग. हा कॉन्चेर्तो 1948 मध्ये पुरा झालेला, पण 1955 मध्ये व्हायोलिनवादक ओइस्त्राखनं लेनिनग्राडला वाजवेपर्यंत लोकांसमोर न आलेला. याचं बेस नीट ऐकू येईल असं रेकॉर्डिंग कुणाच्या पाहण्यात असेल तर जरूर सांगा.