आंब्याखालची मंडूकपर्णी

गेल्या जुलैतली गोष्ट. पुण्यातल्या एका सोसायटीची बाग माझ्याकडे आहे. तिथल्या जुन्या आंब्याखाली दोनदा लॉन लावून झालं होतं. लॉनला रोज पाच-सहा तास तरी ऊन हवं, आणि या आंब्याखाली भर दुपारीही धड कवडसा पडत नाही. चार महिन्यांत गवत विरळ व्हायचं आणि पहिल्या जोरदार पावसात माती वाहून जायची. म्हणून तिसऱ्या वेळी मी मंडूकपर्णी लावली. नर्सरीत हिला सर्रास ब्राह्मी म्हणून विकतात, पण बारीक, मांसल पानांची नीरब्राह्मी वेगळी. हिचं पान गोलसर, देठाशी खाच असलेलं, कडेनं कातरलेलं. वीतभरसुद्धा उंच होत नाही, जमिनीलगत धावत जाते. दीड वर्षात तिनं सगळी जागा झाकून टाकली होती.

त्या दिवशी खुरपणीला नवीन मावशी आल्या होत्या. ‘तण काढा’ एवढंच सांगून मी दुसऱ्या कामावर गेलो. दोन वाजता परत आलो तर आंब्याखाली नुसती काळी माती! सगळी मंडूकपर्णी गेटजवळ ढीग करून टाकलेली, आणि नेमकी त्या दिवशी उघडीप. माझ्या पोटात गोळा आला.

“दादा, एक काडी ठेवली नाही बघा,” मावशी म्हणाल्या.

चूक माझीच होती. ओढ्याकाठी, बांधाला हे असंच माजतं. त्यांनी ते तण समजून काढलं, यात त्यांचं काय चुकलं? मी सांगितलं तेव्हा मात्र त्यांचा चेहरा पडला. खुरपं खाली ठेवून त्या माझ्याआधी ढिगाशी जाऊन बसल्या.

मी एक वेल उचलली. लालसर, सुतळीहून बारीक. तीन-चार बोटांच्या अंतरावर पेर, पेराला पानांचा झुबका आणि खाली पांढऱ्या मुळ्यांचा पुंजका. पानं माना टाकून बसली होती, पण नखानं दाबून पाहिलं तर पेर टणक आणि ओलं. जीव होता.

ढीग सावलीत आणला, वेली बादल्यांत बुडवून ठेवल्या. मग मावशी दोन-दोन पेरांचे तुकडे करत होत्या आणि मी लावत होतो. आंब्याची बारीक मुळं अगदी वरच असतात, म्हणून कुदळ लावली नाही. हातानंच माती सैल केली, थोडं कुजलेलं शेणखत घातलं, वीतभर अंतरावर पेरं दाबली आणि वर आंब्याचाच पालापाचोळा पसरला. शेवटची झारी फिरवली तेव्हा सोसायटीचे दिवे लागले होते.

पहिला आठवडा काहीच दिसलं नाही. रोज जाऊन पाचोळा बाजूला करून बघायचो. दहाव्या-बाराव्या दिवशी पेरांतून घडी घातलेली, नखाएवढी पानं वर आली. दिवाळीपर्यंत माती पुन्हा झाकली गेली.

पश्चिमेच्या कडेला मात्र उतरतं ऊन थेट येतं. तिथली पानं उन्हाळ्यात करपली, म्हणून तेवढ्या पट्ट्यात आता ऊन सोसणारं दुसरं झाड लावलंय.