मर्डेका चषकाचं बोलावणं

क्वालालंपूरला येणारे पाहुणे मर्डेका ११८ बघायला हमखास जातात. जवळपास ६७९ मीटर उंच, बुर्ज खलिफाखालोखाल जगातली सर्वांत उंच इमारत. मान दुखेपर्यंत वर बघायचं, फोटो काढायचे आणि निघायचं. तिच्या अगदी पायथ्याशी एक जुनं स्टेडियम आहे, तिकडे फारसं कुणी वळत नाही. माझ्याकडे आलेल्या पाहुण्यांना मी आधी तिथे नेते. ३१ ऑगस्ट १९५७ ला पहिले पंतप्रधान तुंकू अब्दुल रहमान यांनी याच मैदानात हात उंचावून सात वेळा 'मर्डेका', म्हणजे 'स्वातंत्र्य', अशी घोषणा दिली. आणि त्याच वर्षी, त्या आनंदात, शेजारपाजारच्या देशांना फुटबॉल खेळायला बोलावलं. तीच ही पेस्ताबोला मर्डेका, आपल्याकडच्या बातम्यांतला मर्डेका चषक.

तुंकू पंतप्रधान होण्याआधीपासून इथल्या फुटबॉल संघटनेचे अध्यक्ष होते, पुढे आशियाई फुटबॉल महासंघाचेही झाले. नव्या देशाचा पहिला सण फुटबॉलने साजरा करावा असं वाटणारा नेता मला फार जवळचा वाटतो. तेव्हा आशियातल्या संघांना एकमेकांशी खेळायला मिळणं सोपं नव्हतं. आशियाई चषक चार वर्षांनी, आशियाई क्रीडा स्पर्धाही चार वर्षांनी. मधल्या काळात बलाढ्य संघांशी गाठ पडायची ती क्वालालंपूरला. कोरिया, ब्रह्मदेश, इंडोनेशिया इथेच घासूनपुसून तयार झाले. आणि आपणही! १९५९ मध्ये भारत उपविजेता होता, १९६४ मध्ये पुन्हा. त्याच १९६४ साली आपण आशियाई चषकाचेही उपविजेते होतो. हा योगायोग आहे असं मला वाटत नाही. जो संघ सतत बाहेर जाऊन खेळतो, तोच मोठ्या स्पर्धेत टिकतो.

आमच्या मजल्यावर एक तमिळ अंकल राहतात, निवृत्त शिक्षक. (इथे वडीलधाऱ्या माणसाला सगळे अंकलच म्हणतात, मलय असो की चिनी.) फुटबॉलचा विषय निघाला की त्यांचा चहा निवतो. मोख्तार दहारीचा फटका, सो चिन आउनचा बचाव, संतोख सिंगची धिप्पाड देहयष्टी, आणि गोलकीपर आर. अरुमुगम, ज्याला लांब हातांमुळे लोक स्पायडरमॅन म्हणायचे. अरुमुगम १९८८ मध्ये अपघातात गेला; ते सांगताना अंकलचा आवाज आजही बदलतो. एक मलय, एक चिनी, एक शीख, एक तमिळ. १९६९ च्या मे महिन्यात याच शहरात वांशिक दंगली झाल्या होत्या. त्यानंतरच्या दशकात हे चौघे एकाच जर्सीत मैदानात उतरायचे आणि मर्डेका स्टेडियम एका सुरात ओरडायचं. अंकल म्हणाले, "आम्हाला शाळेत एकी शिकवली, पण मी ती बघितली स्टेडियममध्ये." हे ऐकल्यापासून या चषकाला कुणी 'नुसते मैत्रीपूर्ण सामने' म्हटलं की मला राहवत नाही.

भारत २००१ नंतर या स्पर्धेत आलाच नव्हता. म्हणून २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये आपला संघ येणार असं कळलं तेव्हा मी तिकिटं लगेच काढली, अंकलचंही काढलं. चार संघ येणार होते: मलेशिया, भारत, ताजिकिस्तान आणि पॅलेस्टाइन. पण त्याच सुमारास गाझामध्ये युद्ध पेटलं आणि पॅलेस्टाइनचा संघ येऊ शकला नाही. ताजिकिस्तान थेट अंतिम फेरीत गेलं, तिसऱ्या क्रमांकाचा सामनाही उरला नाही. थोडक्यात, हरलो तर आपल्या वाट्याला एकच सामना.

१३ ऑक्टोबर, शुक्रवारची रात्र, बुकित जलील. १९९८ च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी बांधलेलं हे स्टेडियम ऐंशी हजारांहून जास्त माणसं सामावून घेतं. एलआरटीतून, म्हणजे इथल्या शहरी रेल्वेतून, उतरलं की समोरच. डब्यात सगळीकडे पिवळ्या-काळ्या वाघपट्ट्यांच्या जर्सी, आणि त्यांत आम्ही मोजके निळे. एका मलय मुलाने उठून अंकलना जागा दिली आणि माझा तिरंगा बघून हसत आपल्या कर्णधाराबद्दल विचारलं, "छेत्री खेळणार ना?" मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

सुरुवातीलाच मलेशियाच्या डियन कूल्सने गोल केला. आपल्या नाओरेम महेशने थोड्याच वेळात बरोबरी साधली. मग त्यांची पेनल्टी, मग त्यांच्याच फैसल हलीमचा गोल, आणि मध्यंतराला ३-१. दुसऱ्या सत्रात छेत्रीने गोल केला तेव्हा मी खुर्चीवर उभी राहिले. आणि त्यानंतर काही मिनिटांतच तो क्षण आला. छांगटेने मारलेला चेंडू गोलरेषेच्या आत गेला आणि बचावपटूने आतून बाहेर काढला. आमचे हात वर गेलेले, आणि पंचांची शिट्टी वाजलीच नाही. व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघून निर्णय तपासायची सोय, नव्हती. माझ्या शेजारी मलेशियाची जर्सी घातलेले अंकल सरळ म्हणाले, "आत होता. तुमचा गोल होता." ३-३ व्हायचं ते राहिलं, पाठोपाठ कॉर्बिन-ऑंगने चौथा गोल केला आणि ४-२ ने आपण हरलो. चार दिवसांनी ताजिकिस्तानने मलेशियालाही २-० ने हरवून चषक नेला.

मग एका सामन्यासाठी एवढ्या लांब कशाला यायचं, असं मला भारतातून बऱ्याच जणांनी विचारलं. हिशेबाने बघितलं तर फिफाच्या क्रमवारीत अशा सामन्याचं वजन १० आणि पात्रता फेरीच्या सामन्याचं २५, म्हणजे गुण थोडेच. पण परक्या प्रेक्षकांच्या गदारोळात दोन गोलांनी मागे असताना उभं राहणं कुठल्याच सराव शिबिरात शिकता येत नाही. त्या रात्री दुसऱ्या सत्राची पहिली पंधरा मिनिटं भारत मला खरोखर आवडला.

हे मी मुंबईकरांना मुद्दाम सांगते. २०१८ मध्ये आपणही अंधेरीत अशीच चार देशांची स्पर्धा भरवली होती. चायनीज तैपेईविरुद्ध २,५६९ प्रेक्षक आले. छेत्रीने व्हिडिओ करून लोकांना हात जोडले, तेव्हा कुठे पुढच्या सामन्याची सगळी तिकिटं संपली. इथे मलेशियाचा संघ क्रमवारीत शंभराच्या खाली आहे, तरी माणसं घरदार घेऊन येतात, कारण या चषकाशी त्यांच्या आजोबांच्या आठवणी बांधलेल्या आहेत. आपल्या नेहरू चषकाला १९८४ मध्ये अर्जेंटिना येऊन गेली होती. २००७, २००९, २०१२ असा तीनदा आपण तो ओळीने जिंकला आणि नंतर तो बंदच पडला. मला याचं मनापासून वाईट वाटतं. अशा स्पर्धांची सवय लोकांना पिढ्यान्‌पिढ्यांत लागते, आणि आपण ती सवय मोडली.

२०२४ च्या सप्टेंबरमध्ये मर्डेका पुन्हा झाला. मलेशियाने लेबनॉनला १-० ने हरवून चषक घेतला. भारत त्यात नव्हता; त्याच फिफा विंडोमध्ये (राष्ट्रीय संघांच्या सामन्यांसाठी राखलेल्या दिवसांत) आपण हैदराबादला मॉरिशसशी गोलशून्य बरोबरीत अडकलो आणि सीरियाकडून ०-३ ने हरलो. अंकलनी विचारलं, "या वेळी तुमचे लोक का नाही आले?" मी त्यांना हैदराबादचं सांगितलं. घरी पाहुणे बोलावणं मला हवंच आहे, अगदी दर वर्षी. पण वर्षात इतक्या विंडो असतात, त्यांतली एक तरी अशा परक्या मैदानासाठी राखून ठेवावी, आणि ती संघटनेने आधीच जाहीर करावी, म्हणजे सिंगापूर, बँकॉककडची आपली माणसंही रजा टाकून येऊ शकतील.