घरची बिअर आणि काकूचं नाचणीसत्त्व

या सुट्टीत गिरगावात आल्यापासून सगळ्यांना एकच कुतूहल: अमेरिकेत पोर्टलंडला तुम्ही घरी बिअर करता म्हणजे नक्की काय करता? चुलतभावाचा समज, की पाकीट फोडायचं आणि पाण्यात ढवळायचं. तसंही जमतं म्हणा. माल्टचा घट्ट पाक डब्यात मिळतो, तो पाण्यात घालून उकळला की निम्मं काम झालं. आमची आधीची बिअर त्याच जातीची. यंदा पहिल्यांदाच थेट धान्यापासून केली. तिकडे याला ‘ऑल-ग्रेन’ म्हणतात.

माल्ट म्हणजे बार्ली भिजवायची, मोड आणायचे आणि वाळवायची. एवढं सांगितल्यावर काकू म्हणाली, “अगं, हे तर आपलं नाचणीसत्त्व!” अगदी बरोबर. मोड येताना दाण्यात स्टार्च तोडणारी एन्झाइम्स तयार होतात, म्हणून तर मोडाच्या नाचणीची पेज पातळ राहते. बिअरवाले याच एन्झाइम्सना कामाला लावतात.

एकोणीस लिटरसाठी साधारण साडेचार किलो माल्ट घेतलं, तेही भरड. पीठ केलं तर सगळा लगदा बसतो आणि खाली थेंब उतरत नाही. गाळणीचं काम दाण्याची सालंच करतात. सहलीला नेतो त्या कूलरला तोटी बसवली होती. त्यात भरड आणि ६७ अंशांचं पाणी, झाकण लावून तासभर. तापमान ६४-६५ च्या आसपास ठेवलं तर बिअर हलकी आणि कोरडी होते, ६९-७० ला जरा भरीव, गोडसर.

सगळ्यात मजा आली ती आयोडीनची. शाळेत बटाट्याच्या फोडीवर टाकायचो तेच. सुरुवातीला बशीत चमचाभर रस घेऊन थेंब टाकला, काळानिळा झाला. तासाभराने पुन्हा टाकला, तर पिवळट तांबूसच राहिला. स्टार्च संपलं. चाखून पाहिलं तर रस चक्क गोड, साखरेचा कणही न घालता!

पुढचं सगळं पाकाच्या बिअरसारखंच. तासभर उकळायचं, आधी कडवटपणासाठी आणि शेवटी वासासाठी हॉप्स, म्हणजे एका वेलीची कडवट फुलं, घालायचे (आमचे कॅस्केड, आमच्या ओरेगॉन राज्यातच पैदास झालेली, १९७२ सालची जात), तांब्याच्या नळीने झटपट गार करून यीस्ट सोडायचं. सगळा दिवस मोडला, त्यातला निम्मा भांडी घासण्यात. चवीत जमीन-अस्मानाचा फरक पडतो म्हणणारे भेटतील, मला तितका जाणवला नाही. पण चव आपल्या हातात येते, हे खरं.

भावाचा पुढचा प्रश्न अर्थातच, “इथे करू या का?” अमेरिकेत १९७८ साली जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने घरापुरती बिअर करायची मुभा मिळाली, दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलन, विकायची मात्र नाही. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय हा गुन्हा आहे. आणि आमच्या यीस्टला १८ ते २० अंश लागतात. मुंबईच्या तिशीत ते बेफाम सुटतं आणि बिअरला उग्र वास येतो. वर माल्ट उकळताना दरवळ असा सुटतो, की चाळीत दहा मिनिटांत तळमजल्यापर्यंत बातमी.