डाव्या हाताची जुनी सवय: व्ही९११ वरून ४५० वर, पॅक १ ते ४३

४५० आकाराचं रिमोटवरचं हेलिकॉप्टर हातात येऊन अडीच महिने झाले. परवाच्या रविवारी त्रेचाळिसावा पॅक, म्हणजे भरलेली एक बॅटरी, उडवला. प्रत्येक पॅकपुढे वहीत दोन-दोन ओळी लिहून ठेवत होते, त्या जुळवून इथं मांडतेय. लहानावरून मोठ्यावर जायच्या बेतात कुणी असेल तर पॅक ६ आणि पॅक ३८ एवढ्या दोन नोंदी तरी नक्की वाचा.

माझी सुरुवात सायमाच्या एस१०७ या छोट्या हेलिकॉप्टरपासून. एकावर एक दोन रोटर, उलट दिशांना फिरणारे. एकाचा टॉर्क (अंगाला उलटं फिरवणारा जोर) दुसरा खातो, म्हणून ते खोलीत सोडून दिलं तरी थाऱ्यावर राहतं. मग डब्ल्यूएलटॉइजचं व्ही९११ घेतलं. एकच मोठा रोटर, चार चॅनेल (रिमोटवरून चार हालचाली), फिक्स्ड पिच. ब्लेडचा कोन कायम तोच असतो. वर जायचं तर मोटर जोरात फिरवायची, खाली यायचं तर हळू. वर फ्लायबार असतो, टोकांना वजन लावलेली काडी, ती तोल सावरते. ही काडी बेलच्या खऱ्या हेलिकॉप्टरांवर होती. आर्थर यंग हा संशोधक १९३० च्या दशकात तारेनं जोडलेली छोटी मॉडेलं उडवून ती जमवत होता. १९४१ मध्ये त्यानं मॉडेल बेल कंपनीत नेऊन दाखवलं आणि त्याच वाटेनं पुढं बेल ४७ आलं, १९४६ मध्ये नागरी वापराचा परवाना मिळालेलं पहिलं हेलिकॉप्टर. म्हणजे आपल्या छंदातलं मॉडेल आधी आणि खरं यंत्र नंतर. मला हे फार आवडतं.

तर व्ही९११ वर मी दोन वर्षं काढली. पडदा, सोफा, ट्यूबलाइट, काहीही समोर आलं की रिमोटची डावी काडी झटकन खाली ओढायची. ते अलगद पडायचं, उचलून पुन्हा उडवायचं. डाव्या हाताची ही सवय इतकी मुरली होती की ती सवय आहे हेच माझ्या ध्यानात नव्हतं.

४५० पुण्यातल्या एका छंदवाल्याकडून वापरलेलं घेतलं. अलाइनच्या टी-रेक्स ४५० मुळे रूढ झालेला हा आकार: ३२५ मिलिमीटरची ब्लेडं, तीन सेलची २२०० एमएएचची बॅटरी, सगळं मिळून साधारण ८०० ग्रॅम. फ्लायबार नाही, त्याचं काम तीन अक्षांचा जायरो, म्हणजे कल ओळखून सावरणारं उपकरण, करतो. इथं मोटरचा वेग जवळजवळ एकसारखा ठेवायचा असतो आणि वरखाली व्हायचं ते ब्लेडचा कोन बदलून. तीन सर्व्हो (छोट्या मोटरी) मिळून स्वॅशप्लेट, म्हणजे ब्लेडांचा कोन बदलणारी तबकडी, वर ढकलतात किंवा खाली ओढतात. पॅक १ च्या आधीचे आठ दिवस टेबलावरच गेले. मोटरच्या तीन वायरींपैकी दोन काढून ठेवल्या, काडी मध्यावर आणून सर्व्होचे आर्म काटकोनात घेतले, स्वॅशप्लेट समतल केली, पिच गेज (ब्लेडचा कोन मोजायचं साधन) लावून उणे ३ ते अधिक ९ अंश बसवलं. वायरी काढल्याशिवाय सेटिंगला हात लावू नका. २५०० आरपीएमला ब्लेडच्या टोकाचा वेग ताशी ३३० किलोमीटरच्या आसपास जातो. गणित सोपं आहे, टोकाटोकाचं अंतर ७१ सेंटिमीटर धरून स्वतः करून बघा. मी केलं त्या दिवसापासून पंधरा पावलांच्या आत उभी राहिलेले नाही.

पॅक १ ते ५

जागा म्हणजे मिरजेबाहेरचं काकांचं रान. हळद काढून झाली होती, कडेला बेण्याचा ढीग होता. काका म्हणाले, "कुठंही पाड, फक्त बेण्यावर पाडू नको." सरकारच्या डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या नकाशावर जागा हिरव्या, म्हणजे उडवायला मोकळ्या, पट्ट्यात असल्याचं आधी बघून घेतलं. २५० ग्रॅमच्या वर गेलं की ड्रोन नियम २०२१ प्रमाणं आपलं यंत्र नॅनो वर्गात राहत नाही, मायक्रो वर्गात मोडतं, हे लहानावरून येणाऱ्यांच्या लक्षात राहत नाही.

काळ्या रानात ढेकळं आणि फुफाटा. ट्रेनिंग गिअरचे (कलंडू नये म्हणून खाली बांधलेल्या काड्यांच्या टोकांचे) चेंडू ढेकळात अडकून हेलिकॉप्टर कलंडणार हे दिसतच होतं. म्हणून एका जुन्या कार्यक्रमाचा दहा बाय दहाचा फ्लेक्स पालथा अंथरला आणि चारही कोपऱ्यांना खुंट्या ठोकल्या. मधेही विटा ठेवायला लागल्या, नाहीतर रोटरच्या वाऱ्यानं फ्लेक्सच वर उचलला जातो.

या पाच पॅकमध्ये फक्त फ्लेक्सवर सरकवणं आणि वीतभर उचलणं. एक गोष्ट नवख्यांसाठी सांगते. हवेत स्थिर असताना ते किंचित उजवीकडं कललेलं दिसतं. ट्रिम मारून (रिमोटवर काडीचा मध्य सरकवून) ते सरळ करायला जाऊ नका. वरून बघता रोटर घड्याळाच्या दिशेनं फिरतो, त्याचा टॉर्क अडवायला टेल रोटर शेपटी डावीकडं ढकलतो, आणि त्याबरोबर अख्खं हेलिकॉप्टरच डावीकडं सरकू पाहतं. ते जागेवर राहायचं तर उजवा कल हवाच.

पॅक ६

गुडघाभर उंचीवर होतं. उजवीकडून वाऱ्याची झुळूक आली आणि ते बांधाकडं निघालं. आणि डाव्या हातानं दोन वर्षांत जे हजार वेळा केलं होतं तेच केलं. काडी खाडकन खाली.

फिक्स्ड पिचमध्ये खाली काडी म्हणजे मोटर बंद, एवढंच. इथं खाली काडी म्हणजे ब्लेडांचा कोन उणे. रोटर पूर्ण वेगात असतो, त्यात साठलेली सगळी ताकद हेलिकॉप्टरला खाली ढकलायला लागते. ते पडलं नाही, जमिनीवर आपटलं गेलं. स्किड (खालचे पाय) उसळले, ब्लेडं खाली वाकली आणि टेल बूमवर, म्हणजे शेपटीच्या नळीवर, बसली. आवाज ऐकून काका विहिरीकडून पळत आले.

नुकसान: दोन्ही ब्लेडं, बूमला खोल पोचा, मेन गिअरचे पाच दात, ब्लेडं धरणारा स्पिंडल वाकलेला, आणि वाकलाय की नाही ते कळत नव्हतं असा मेन शाफ्ट, म्हणजे रोटरचा उभा दांडा.

टेबलावरचे तीन आठवडे

बाबांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं, पस्तीस वर्षं. आता घरीच असतात. सामान टेबलावर पसरल्यावर ते चष्मा लावून शेजारी येऊन बसले. मेन शाफ्ट हातात घेऊन डोळ्यांपुढं धरला आणि म्हणाले, "असं नाही कळायचं गं. कपाटाचा आरसा आण." आरसा टेबलावर आडवा ठेवला, त्यावर पाच मिलिमीटरचा तो दांडा बोटानं हळूच लोळवला आणि पलीकडं टॉर्च लावला. दांडा आणि काच यांच्यात उजेडाची केसाएवढी रेघ उमटायची आणि मिटायची, फेऱ्यागणिक एकदा. सरळ दांड्याखाली ती रेघ हलतच नाही. नवा शाफ्ट आला तेव्हा तोही आधी आरशावर लोळवला, मगच बसवला.

दुसरी गोष्ट मी एकटी असते तर सुटलीच असती. बाबांनी बारीक स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेल केसवर (टेल रोटरच्या डबीवर) टेकवलं, मूठ कानाच्या हाडाला लावली आणि मला टेल शाफ्ट बोटानं फिरवायला सांगितला. "खर येतीय." मग मला ऐकायला दिलं. खरंच, साखर चावल्यासारखा बारीक आवाज. फुफाट्याची धूळ बेअरिंगमध्ये गेली होती. अपघाताशी त्याचा संबंध नव्हता, पण दहा-बारा पॅकनंतर ते बेअरिंग हवेतच अडकलं असतं. दोन्ही बदलली. आता दर पाच पॅकला स्क्रू ड्रायव्हर कानाला लावते.

पिनियन (मोटरवरचं छोटं दातेरी चाक) आणि मेन गिअरमध्ये वहीच्या कागदाची पट्टी घालून मोटर घट्ट केली. पट्टी फिरवून बाहेर काढल्यावर चुणी पडलेली हवी, फाटलेली नको. धातूत धातू जाणारा प्रत्येक स्क्रू थिनरनं पुसून निळं थ्रेडलॉक (स्क्रू ढिला न होऊ देणारा गोंद) लावलं. प्लॅस्टिकमध्ये जाणाऱ्या स्क्रूला ते लावायचं नाही, प्लॅस्टिक तडकतं.

पण खरी दुरुस्ती हाताची होती. ४५० वर अडचण आली तर डाव्या काडीला हात लावण्याआधी थ्रॉटल होल्ड मारायचा असतो. त्यानं मोटर तेवढी बंद होते, ब्लेडांचा कोन आपल्या हातात राहतो. माझ्या रिमोटवर होल्ड डाव्या खांद्यावर घेतला, तर्जनी कायम त्यावर टेकलेली राहील असा. रोज रात्री वीस मिनिटं सिम्युलेटर, आणि धाकटा भाऊ मागं बसून मनात येईल तेव्हा "होल्ड!" म्हणायचा. पहिल्या दिवशी पाचातल्या चार वेळा आधी काडी खाली गेली. आठव्या दिवशी त्यानं मुद्दाम मी बोलत असताना ओरडून बघितलं, बोट आधी गेलं. तरीही आणखी आठवडाभर थांबले. या आठवड्याचं मोल मला पॅक ३८ ला कळलं.

पॅक ७ ते ३७

हे भराभर सांगते. गुडघ्याएवढ्या उंचीवर स्थिर ठेवायचा हट्ट सोडला. जमिनीवर आदळून परतणाऱ्या हवेत ते सारखं निसटतं. रोटरच्या व्यासापेक्षा वर, दीड मीटरला गेल्यावर एकदम शांत झालं. व्ही९११ फिरत्या पंख्याखाली टिकायचं नाही, हे सकाळच्या वाऱ्यात खिळल्यासारखं उभं राहतं. हवेत मोठं यंत्र सोपं असतं हे ऐकून होते, ते खरं आहे. शेपटी माझ्याकडं ठेवून १५ पॅक, मग डावी बाजू माझ्याकडं, मग उजवी. माझी उजवी बाजू कच्ची निघाली, तिला दुप्पट पॅक दिले.

बॅटरीचं: टायमर पाच मिनिटांचा, उतरल्यावर सेलमागं ३.७५ व्होल्टच्या आसपास राहतील असा. चार्जिंग २.२ ॲम्पियरनं, वाळू भरलेल्या कुंडीत ठेवून आणि समोर बसून. त्या आठवड्यात उडवायचं नसेल तर ३.८५ वर आणून ठेवते, भरलेली कधीच ठेवत नाही.

पॅक ३८

डोक्याएवढ्या उंचीवर, डावी बाजू माझ्याकडं. तिसरं मिनिट. एकाएकी नाक गरागरा फिरायला लागलं. पहिल्या फेऱ्यात मला वाटलं मीच रडर दिला (शेपटी वळवली), दुसऱ्यात कळलं की टेल गेली.

तर्जनीनं होल्ड मारला होता. मी ठरवून मारला असं म्हणता येणार नाही, तो मारला गेला होता. मोटर बंद होताच टॉर्क संपला, फिरणं मंदावलं, आणि खाली येता येता डाव्या काडीला मी वर ढकललं, खाली नाही. रोटरमध्ये उरलेल्या वेगानं शेवटच्या हातभर उंचीवर त्याला झेललं. एक स्किड तडकला. ब्लेडं शाबूत, बूम शाबूत, गिअरचा एकही दात गेला नाही.

कारण टेल सर्व्होच्या दांडीची बॉल लिंक, म्हणजे गोळीवर दाबून बसणारा प्लॅस्टिकचा सांधा, निसटली होती. ती लिंक मी दुरुस्तीत सात-आठ वेळा साध्या पकडीनं ओढून काढली होती, आतून ढिली झाली होती. आता बॉल लिंकची पकड आणली आहे, आणि उडवण्याआधी प्रत्येक लिंक बोटानं ओढून बघते.

आता

पॅक ३९ पासून नाक माझ्याकडं. सगळं उलटं होतं हे माहीत असलं तरी बोटांना ते माहीत नसतं. ते डावीकडं झुकलं की काडीही त्याच बाजूला, झुकलेल्या बाजूला आधार द्यायचा, एवढं एकच वाक्य मनात म्हणते. पॅक ४३ ला सलग अकरा सेकंद टिकलं. मग शेपटी फिरवून घेतली आणि उतरवलं.

नऊनंतर वारा सुटतो, आणि काकांना मे अखेर रान तयार करायचंय. हातात सहा रविवार आहेत. उजवीकडचे दोन चेंडू पुढच्या रविवारी काढणार आहे.