चहाबरोबरची एक सिगारेट

‘आठवड्यातून दोन-तीनच, त्याही चहाबरोबर,’ असे सांगणारी माणसे सिगारेट सोडण्यासाठी समुपदेशकाकडे सहसा येत नाहीत. ती येतात झोपेची किंवा ताणाची तक्रार घेऊन, आणि सिगारेटचा विषय बोलण्याच्या ओघात निघतो. व्यसन म्हणजे रोजचे पाकीट, अशी त्यांची पक्की समजूत असते. प्रत्यक्षात, २०१८ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या, अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणानुसार, दिवसाला २० सिगारेटींमुळे हृदयविकाराचा जो जादा धोका संभवतो, त्याच्या जवळपास निम्मा धोका दिवसाला एका सिगारेटनेही पदरात पडतो.

अशा माणसाची ओढ पुष्कळदा निकोटिनपेक्षा प्रसंगाशी अधिक बांधलेली असते. म्हणूनच पहिल्या भेटीत मी सोडण्याची तारीख मागत नाही; काही दिवस नोंद ठेवायला सांगते. वेळ कोणती, जागा कोणती, सोबत कोण होते, मन कसे होते, आणि सिगारेट स्वतः विकत घेतली की कोणी पुढे केली, एवढेच लिहायचे. माझ्या मते यातला शेवटचा रकाना सर्वांत बोलका असतो. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेतून रात्री चहाला बाहेर पडणारा स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी असो किंवा हिंजवडीतल्या कंपनीबाहेर संध्याकाळी टपरीवर उभी राहणारी अभियंता असो, आपण एकट्याने जवळजवळ कधीच ओढत नाही, हे त्यांना त्या वहीतच प्रथम दिसते. महाराष्ट्रात २०२० पासून सुट्या सिगारेटींच्या विक्रीवर बंदी आहे; तरी त्या मिळतात, आणि कधीतरी ओढणाऱ्याची सवय बरीचशी त्या सुट्या सिगारेटीवरच तगून राहते, याची मला मनापासून चीड येते.

नोंदीतून प्रसंग हाती लागला की त्याच्यासाठी आधीच उत्तर ठरवतो: मित्राने सिगारेट पुढे केली तर ‘नको, मी सोडली आहे’ एवढेच म्हणायचे आणि चहाचा कप घेऊन धुरापासून दूर उभे राहायचे. हे वाक्य आम्ही भेटीत मोठ्याने, पुन्हा पुन्हा म्हणून पाहतो, कारण संकोच ऐन वेळी आवाज बंद करतो. तल्लफ बहुधा काही मिनिटांत ओसरते. एखादे दिवशी ओढली गेलीच, तर अपराधभाव उगाळत न बसता त्या दिवसाची नोंद पुन्हा वाचतो.

सिगारेट सोडवणाऱ्या औषधांच्या चाचण्या मुख्यतः जास्त ओढणाऱ्यांवर झालेल्या असल्याने, कमी ओढणाऱ्यांसाठी मी वर्तनोपचारालाच, म्हणजे वरच्यासारख्या नोंदी आणि सरावातून सवय बदलण्याला, पहिले स्थान देते. ज्यांना समोरासमोर बोलणे अवघड वाटते, त्यांनी १८००-११-२३५६ या राष्ट्रीय मदतवाहिनीवर फोन करावा. हा क्रमांक निःशुल्क आहे आणि सिगारेटच्या पाकिटावरही छापलेला असतो.