सांजा मात्सुरी: आई-बाबा आणि पोरांना घेऊन असाकुसाला जाणार असाल तर

मे महिन्यात टोकियोत असाल आणि तिसरा वीकेंड मोकळा असेल तर असाकुसाची सांजा मात्सुरी (मात्सुरी म्हणजे उत्सव) बघाच, फक्त लहान मुलं आणि वयस्कर माणसं सोबत असतील तर शनिवारी जा, रविवारी नको. शुक्रवारी पारंपरिक वेशातली मिरवणूक असते, शनिवारी ४४ वस्त्यांच्या मिळून शंभरेक मिकोशी म्हणजे देवाच्या पालख्या निघतात, आणि रविवारी पहाटेच असाकुसा जिंजा या शिंतो देवळाच्या तीन मोठ्या मिकोशी बाहेर पडतात. त्या एकेक टनाच्या आसपास वजनाच्या, आणि खांदा द्यायला इतकी झुंबड की रेटारेटीत पोराचा हात सुटायला वेळ लागत नाही. तरुण मंडळींनी रविवार जरूर बघावा, पण आई-बाबा नाशिकहून आलेले, धाकटा चार वर्षांचा, म्हणून आम्ही शनिवार धरला आणि सगळ्यांना सगळं नीट बघायला मिळालं.

आम्ही निशी-कासाईहून निघालो. तोझाई लाईनने निहोनबाशी, तिथून गिंझा लाईन. असाकुसा शेवटचं स्टेशन, पण तिथे न उतरता एक आधी तावारामाचीला उतरा, दहाएक मिनिटं चालावं लागतं पण जिन्यांवरची चेंगराचेंगरी टळते. परत येताना मात्र असाकुसालाच चढा, गाडी तिथूनच सुटते त्यामुळे थोडं थांबलात तर म्हाताऱ्यांना बसायला जागा मिळते.

शनिवारी पालख्या सेनसोजी या शेजारच्या बौद्ध देवस्थानाच्या मुख्य मंदिरामागे जमतात आणि दुपारी बाराच्या पुढे एकामागून एक निघतात. सगळे कामिनारीमोनला, म्हणजे सेनसोजीच्या बाहेरच्या दरवाज्यापाशी, उभे राहतात, तुम्ही नका राहू. तिथला तो ७०० किलोचा लाल कंदीलसुद्धा पालख्या जाव्यात म्हणून घडी करून वर उचललेला असतो, पूर्ण कंदिलाचा फोटो हवा असेल तर उत्सव नसताना या. खरी मजा मागच्या गल्ल्यांत आहे. आम्ही एका बोळाच्या तोंडाशी उभे होतो, दोन लाकडी पट्ट्या टक्‌कन वाजल्या, बसलेली माणसं उठली, खांदे लागले आणि सोइया सोइया करत पालखी सुरू, सरळ नाही हं, वरखाली हेलकावे देत, त्यामुळे देव जागृत होतो असं मानतात, आणि तिच्यावरचे पितळी दागिने इतके खणखणत होते की बाबा आपोआप टाळ्या वाजवायला लागले. मागून छोट्या मुलांची मिकोशी आली आणि तिच्यामागे दोरीने ओढायची ढोलाची गाडी. हाप्पी (उत्सवात घालतात तो आखूड अंगरखा) घातलेल्या एका आजोबांनी आमच्या धाकट्याला खुणेने बोलावलं, दोरीचं टोक हातात दिलं, पुढच्या कोपऱ्यापर्यंत साहेब गाडी ओढत होते!

बाबांना मूळ कथा फार भावली. ६२८ साली सुमिदा नदीत दोन कोळी भावांच्या जाळ्यात कान्नोनची म्हणजे आपल्या अवलोकितेश्वराची मूर्ती आली, गावच्या प्रमुखाने आपल्या घराचंच देऊळ केलं, आणि आज त्याच तिघांना असाकुसा जिंजामध्ये देव मानतात, हा उत्सव त्यांचाच.

आता खाणं. शाकाहारी असाल तर घरून दशम्या किंवा ठेपले न्याच. ताकोयाकीत ऑक्टोपस, याकिसोबात म्हणजे परतलेल्या नूडल्समध्ये बहुतेक वेळा डुकराचं मांस, आणि साध्या दिसणाऱ्या रश्श्यातही माशाचा अर्क असतो. भाजलेलं कणीस (वर सोया सॉस असतो), बटर लावलेला वाफवलेला बटाटा, बर्फाचा गोळा हे चालतं. निंग्योयाकीत (साच्यातले छोटे केक) अंडं असतं. आणि जिथे घेतलं तिथेच उभं राहून संपवा, चालता चालता खाल्लेलं तिथे आवडत नाही. कचराकुंड्या जवळजवळ नाहीतच, पिशवी ठेवा. स्ट्रॉलर नेऊ नका, बाळ अंगाला बांधा. टॉयलेट आणि बाळाचं काही असेल तर तोबू रेल्वेच्या असाकुसा स्टेशनवरचं मात्सुया डिपार्टमेंट स्टोअर सोयीचं.

आणि हे मात्र कोणी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहितेय. गर्दीने जीव दमला की नदीच्या कडेने दहा-पंधरा मिनिटं चालत मात्सुचियामा शोदेनला जा. हे सेनसोजीच्याच अखत्यारीतलं देऊळ आणि इथला देव कांगितेन म्हणजे आपला गणपती. मूर्ती गुप्त असते, दर्शन होत नाही, पण लोक मुळा वाहतात, पायऱ्यांवर, भिंतींवर सगळीकडे मुळ्याची आणि पैशाच्या बटव्याची चिन्हं कोरलेली. आईने मुळा विकत घेऊन वाहिला, अथर्वशीर्ष म्हटलं, आणि अर्धा तास बाकावर शांत बसली. टेकडी छोटीच आहे पण गुडघे दुखत असतील तर वर न्यायला छोटी लिफ्टसारखी गाडी आहे. दुपारी तीननंतर तिथून परत गल्ल्यांत गेलात तर पालख्या आपापल्या वस्तीत शिरताना दिसतात आणि गर्दी बरीच पांगलेली असते. वेळा दरवर्षी थोड्या बदलतात, निघण्याआधी असाकुसा जिंजाचं त्या वर्षीचं वेळापत्रक बघून घ्या.