कॉम्बो ॲम्पला जादा कॅबिनेट जोडताना: माझा अनुभव

माझा गिटारचा ॲम्प वीस वॅटचा ट्यूब कॉम्बो, म्हणजे ॲम्प आणि स्पीकर एकाच पेटीत. त्याला जोडीला बाहेरून आणखी एक स्पीकरची पेटी, म्हणजे कॅबिनेट, लावायची होती. आत बारा इंची, १६ ओहमचा एकच स्पीकर. मागच्या पट्टीवर तीन जॅक आहेत: एकावर ‘१×१६’, आणि उरलेल्या जोडीवर ‘१×८ किंवा २×१६’. कॅबिनेटचं काम सुताराकडे नाही, या पट्टीपाशी सुरू होतं. स्पीकर किती ओहमचा घ्यायचा ते इथे ठरतं. पेटी, रेक्झिन, हँडल हे सगळं त्यानंतर.

हिशोब सोपा आहे. दोन सारखे स्पीकर पॅरलल जोडले की ओहम निम्मे होतात: १६ आणि १६ मिळून ८, ८ आणि ८ मिळून ४. सिरीजमध्ये जोडले तर सरळ बेरीज. माझ्या ॲम्पवरचा तो जोडजॅक आतून पॅरलल आहे, म्हणजे मला १६ ओहमचाच स्पीकर हवा होता. आतल्या स्पीकरची पिनही ‘१×१६’ मधून काढून या जोडीतल्या एका जॅकमध्ये घालायची, दुसऱ्यात नवी पेटी.

तो १६ ओहमचा स्पीकर मिळवणं हेच या कामातलं सगळ्यात चिवट प्रकरण. मराठवाड्यात डीजेच्या मालाला तोटा नाही. तालुक्याच्या गावीही बारा इंची स्पीकर हातोहात मिळतो. पण तो बहुधा ८ ओहमचा, आणि दुकानदार ‘चालतंय की’ म्हणून मोकळा होतो. ८ आणि १६ पॅरलल म्हणजे ५.३३ ओहम. त्यासाठी ॲम्पला जॅकच नाही. शिवाय वॅटही सारखे वाटले जात नाहीत: वीसपैकी सुमारे सव्वातेरा नव्याला, पावणेसात जुन्याला. दुसरी अडचण आवाजाची. गिटारच्या स्पीकरचा आवाज साधारण पाच हजार हर्ट्झच्या पुढे झपाट्याने उतरतो आणि त्यामुळेच डिस्टॉर्शन, म्हणजे मुद्दाम फाडलेला आवाज, कानाला गोड लागतं. साउंडवाल्यांकडचा ट्वीटरसह (वरच्या सुरांच्या छोट्या स्पीकरसह) येणारा स्पीकर वरचं सगळं जसंच्या तसं बाहेर फेकतो. डिस्टॉर्शन लावलं की गांधीलमाश्यांचं मोहोळ उठल्यासारखं ऐकू येतं. म्हणून सेलेस्टियन कंपनीचा व्हिंटेज ३० हा गिटारचा स्पीकर बाहेरून मागवला: ६० वॅट, १६ ओहम, सेन्सिटिव्हिटी (एका वॅटवर किती जोरात वाजतो ते) १०० डीबी. वीस वॅटला साठ जास्त वाटतील, पण ट्यूब ॲम्प पूर्ण पिळला की छापील वॅटच्या बराच वर जातो.

ज्यांचा कॉम्बो ट्रान्झिस्टरचा आहे त्यांनी मागे लिहिलेला ‘किमान ओहम’ बघावा. किमान ४ लिहिलं असेल आणि आत ८ चा स्पीकर असेल, तर बाहेर आणखी ८ चा पॅरलल चालतो. किमानच ८ असेल तर पॅरललचा नाद सोडा. आउटपुटचे ट्रान्झिस्टर गरम होऊन जळतात. सिरीजमध्ये १६ केले तर धोका नाही, पण वॅट जवळजवळ निम्मे होतात. काही कॉम्बोंच्या जॅकमध्ये पिन घातली की आतल्या स्पीकरचं कनेक्शन तुटतं. तिथे दोन्ही एकदम वाजणारच नाहीत.

ट्यूब ॲम्पचं दुखणं उलटं आहे. स्पीकर न जोडता तो वाजवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीवर (ट्यूबकडच्या वाइंडिंगवर) व्होल्टेज उसळतं, ट्यूबच्या सॉकेटवर ठिणगी पडते किंवा ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन जातं. पाण्याच्या मोटारी भरून देणारे आपल्याकडे गावोगाव आहेत, पण या ट्रान्सफॉर्मरचं वाइंडिंग थरांत विभागून, एकाआड एक भरलेलं असतं. ते त्यांचं काम नव्हे. वायर बदलायची तर आधी ॲम्प बंद, मग पिन. चालू वाजवताना पिन ओढायची नाही.

पेटी १८ मिलिमीटर प्लायची केली. बाहेरून रुंदी २० इंच, उंची १८, खोली ११. बॅफल (स्पीकर बसवायची पुढची फळी) पाऊण इंच आत बसवला की आत साधारण ४५ लिटर जागा उरते. ८ बाय ४ ची अर्धी शीट पुरते. पार्टिकल बोर्ड स्वस्त पडतो, पण त्यात स्क्रू दोनदा उघडला की तिसऱ्यांदा धरत नाही. स्पीकरचं भोक २८३ मिलिमीटर. सुताराला मिलिमीटर सांगू नका. अकरा इंच एक सूत म्हणा, बरोबर तेवढंच येतं. स्पीकर चार टी-नट (लाकडात ठोकून बसवायचे नट) आणि बोल्टवर बसवला. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळायचे. एकच बाजू आधी कचकून आवळली की फ्रेम वाकते आणि कॉइल घासून खरखर येते.

रेक्झिन चिकटवायला रबराचा डिंक वापरला. तो दोन्ही बाजूंना लावून थोडा सुकू द्यायचा असतो, पण मे महिन्यात बेचाळीसच्या उन्हात लावेपर्यंतच सुकतो. एकेक बाजू करत, सकाळी लवकर उरकलेलं बरं.

मागची बाजू तीन फळ्यांची केली, मधली स्क्रूवर निघणारी. तिन्ही लावल्या की खालचा आवाज घट्ट आणि समोर रोखलेला. मधली काढली की आवाज खोलीभर पसरतो. कॉम्बो स्वतः मागून उघडाच असतो, त्यामुळे जोडीला बंद पेटी मला जास्त उपयोगी वाटते. पेटी उघडी ठेवायचीच तर मागे जाळी मारा. अडगळीच्या खोलीतल्या उंदरांना स्पीकरचा कागदी कोन (पुढेमागे हलणारा पडदा) फार आवडतो.

वायरिंगला गिटारची केबल वापरायची नाही. तिच्या आतली तार बारीक असते, स्पीकरचा करंट तिला झेपत नाही. घरच्या फिटिंगची दीड स्क्वेअर मिलिमीटरची मऊ तार, लाल-काळी, आतही तीच आणि बाहेरच्या केबललाही तीच, टोकांना ६.३५ मिलिमीटरचे मोनो जॅक.

ॲम्पला लावण्याआधी मल्टीमीटर. १६ ओहमचा स्पीकर मीटरवर १२-१३ दाखवतो, ८ चा साडेसहाच्या आसपास. मीटर फक्त तारेचा रेझिस्टन्स मोजतो. शून्य दिसलं तर जॅकमध्ये शॉर्ट, काहीच नाही दिसलं तर टाका सुटलेला. मग दीड व्होल्टचा सेल जॅकच्या टोकाला प्लस, बाहीला (टोकामागच्या दांड्याला) मायनस असा क्षणभर टेकवा. कोन पुढे यायला हवा. कॉम्बोतल्या स्पीकरवरही, त्याची पिन ॲम्पमधून काढून, हेच करा. एक पुढे आणि दुसरा मागे जात असेल तर एका ठिकाणच्या तारा उलटवा, नाहीतर दोघं मिळून जाड तारांचा आवाज खाऊन टाकतात आणि दोष पेटीला लागतो.

आवाज दुप्पट होईल या आशेवर कोणी राहू नये. ॲम्पचे वॅट तेवढेच राहतात. दोन्ही स्पीकर सारखे असतील तर फरक पडतो तो जास्तीत जास्त तीन डीबीचा, तोही खालच्या सुरांत. माझा आतला स्पीकर ९७ डीबीचा आहे, त्यामुळे दोन्ही वाजताना नवी पेटीच पुढे ऐकू येते. मला तेच हवं होतं. कोणाला कॉम्बोचा मूळ रंग टिकवायचा असेल तर सेन्सिटिव्हिटी जुळणारा स्पीकर घ्यावा.

शेवटचं, पेटीवर स्पीकॉन सॉकेट (फिरवून लॉक होणाऱ्या स्पीकर-पिनेचं) मुद्दाम लावलं नाही. गणपतीत स्टेजवर साउंडवाल्यांच्या स्पीकरच्या बहुतेक वायरी स्पीकॉनच्या असतात, आणि घाईत कोणी हजार वॅटचा ॲम्प खोचला तर साठ वॅटची कॉइल क्षणात जळते. मागे पांढऱ्या रंगाने ठळक लिहिलंय: १६ ओहम, ६० वॅट, फक्त गिटार.